ईआरपीवर पीएचडी करायचीय? आधी कारकुनाच्या टेबलावरची वही बघा

"मॅडम, ईआरपीवर काहीतरी करायचंय, एखादा विषय सुचवा ना." वर्षातून आठ-दहा वेळा तरी हा फोन येतो. (ईआरपी म्हणजे संस्थेचे सगळे विभाग एकाच सॉफ्टवेअरवर आणणारी प्रणाली.) बोलणारा बहुतेक एमबीए किंवा एमसीए झालेला, कुठल्या तरी कॉलेजात शिकवणारा नाहीतर कारखान्यात, बँकेत नोकरी करणारा असतो. पेट (पीएचडीची प्रवेश परीक्षा) दिलेली असते, गाइड मिळालेला असतो किंवा मिळायच्या बेतात असतो, आणि सिनॉप्सिसची (संशोधनाच्या आराखड्याची) तारीख जवळ आलेली असते.

मी सहकारी साखर कारखान्यांतल्या संगणकीकरणावर पीएचडी केली. पार्ट-टाइम, कॉलेजचे तास सांभाळून. साडेपाच वर्षं लागली आणि त्यातलं जवळजवळ दीड वर्ष शुद्ध वाया गेलं. ते कशात गेलं हे प्रत्येक फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते.

सुरुवातीलाच एक घोळ मिटवू. आपला विषय म्हणजे संगणकशास्त्र नव्हे. सॉफ्टवेअर कसं बांधायचं हा आपला मुख्य प्रश्न नाही. ते ऑफिसात आल्यावर तिथलं काम, अधिकार आणि माणसांची एकमेकांशी वागणूक कशी बदलते, हा आहे. विद्यापीठाच्या कागदावर याला व्यवस्थापन माहिती प्रणाली म्हणतात, बोलताना एमआयएस. आणि हो, कारखान्यात गेल्यावर "मी एमआयएसवर संशोधन करतेय" असं सांगू नका. तिथं एमआयएस म्हणजे सकाळी एमडींच्या टेबलावर जाणारा रोजचा रिपोर्ट. मला पहिल्या दिवशी त्याची झेरॉक्स हातात देऊन वाटेला लावलं होतं.

१. विषय ठरवण्याआधी चार दिवस नुसतं बसून या

बहुतेक जण उलटं करतात. आधी शीर्षक ठरतं: "अमुक जिल्ह्याच्या विशेष संदर्भात ईआरपी अंमलबजावणीचा अभ्यास". मग त्याला उद्दिष्टं, मग गृहीतकं. शेवटी जिल्हा शोधायला निघतात. या "विशेष संदर्भात"चं आपल्याकडं इतकं पीक आहे की शोधगंगेवर (विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर) त्याच साच्याचे प्रबंध ओळीनं सापडतील. जिल्हा बदलला तरी निष्कर्ष तेच.

तुम्ही आधी एखाद्या ऑफिसात जाऊन बसा. प्रश्नावली नको, रेकॉर्डर नको. एक वही आणि पेन पुरे.

मी एका कारखान्याच्या गट ऑफिसात (एका भागातल्या गावांचा ऊस बघणाऱ्या ऑफिसात) बसले होते. साखर कारखान्याचं काम बाहेरून सोपं वाटतं. शेतकरी लागण करतो, स्लिपबॉय येऊन उसाची नोंद घेतो. उसाची जात, क्षेत्र आणि लागणीची तारीख बघून तोडणीचा प्रोग्राम लागतो. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा असा साधारण क्रम. टोळी जाते, वाहन काट्यावर येतं, भरलेलं वजन, मग गव्हाणीत (गाळपाच्या पट्ट्यावर) ऊस टाकून आल्यावर रिकाम्या वाहनाचं वजन, पावती, आणि पुढं पंधरवड्याचं बिल. हे सगळं सॉफ्टवेअरमध्ये होतं. नोंद टाकली की तारखेप्रमाणं तोडणीची यादी आपोआप निघायची. त्यात कुणाला पुढं-मागं करता येत नाही, असं ईडीपीच्या माणसानं मला अभिमानानं सांगितलं होतं. (कारखान्यांत अजूनही संगणक विभागाला ईडीपीच म्हणतात.)

गट ऑफिसात त्या संगणकाशेजारी लाल कापडी बांधणीची एक लांब वही होती. तिच्यात तीच नावं, पण क्रम वेगळा. समासात पेन्सिलीच्या खुणा: एक टिंब, दोन टिंबं, कुठं कुठं फुली. वाहन कुठल्या फडात पाठवायचं ते या वहीवरून ठरत होतं आणि संगणकातली यादी संध्याकाळी तिच्याप्रमाणं "दुरुस्त" होत होती. मी विचारलं, मग हे दोन-दोन कशाला? कारकून म्हणाला, "वही आपली. ते साहेबांचं."

माझा प्रबंध या वाक्यावर उभा आहे. मला हे कळायला मात्र वर्ष लागलं, कारण तोवर मी त्या वहीला "सॉफ्टवेअर नीट वापरत नाहीत, प्रशिक्षण कमी पडतं" या खात्यात टाकून मोकळी झाले होते.

तुमच्या ऑफिसातही अशी एक वही असेल. दवाखान्यात केसपेपरच्या पाठीमागं लिहिलेलं असेल, पतसंस्थेत मॅनेजरच्या ड्रॉवरमधली डायरी असेल, शाळेत मुख्याध्यापकांच्या मोबाइलमधला एक्सेल असेल. ती सापडली की प्रश्न सापडला: प्रणाली असताना ही वही कुणाला, कशासाठी लागते? शीर्षक नंतर सुचेल.

२. प्रवेशाचे नियम स्वतः वाचा, कँटीनमध्ये ऐकू नका

सध्या यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०२२ चे पीएचडी नियम लागू आहेत. कामापुरतं सांगते.

कोर्सवर्क धरून किमान तीन वर्षं, कमाल सहा वर्षं. पुनर्नोंदणी करून दोन वर्षांपर्यंत वाढ मिळू शकते. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे. ही सवलत मागायला लाजू नका. अर्ज मात्र मुदत संपण्याआधी द्या. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं असतं आणि त्यात संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचा पेपर असतो. दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढं प्रगती मांडावी लागते. प्रोफेसरकडं एका वेळी आठ, असोसिएटकडं सहा आणि असिस्टंटकडं चारच विद्यार्थी असू शकतात. म्हणून गाइडला भेटल्यावर पहिला प्रश्न "सर, जागा आहे का?" हाच विचारा. जून २०२४ पासून नेटचे (राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे) गुणही पीएचडी प्रवेशाला चालतात. प्रवेशापुरते ते वर्षभर वैध असतात. विद्यापीठाची स्वतःची पेट आहे की नाही, ते त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीत बघा.

नोकरी करणाऱ्यांसाठी खरी अडचण नाहरकत प्रमाणपत्राची. ते नुसतं "हरकत नाही" असं चालत नाही. पार्ट-टाइम अभ्यासाला परवानगी आहे, कामाच्या स्वरूपामुळं संशोधनाला वेळ मिळू शकतो आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी सोडलं जाईल, या तिन्ही गोष्टी त्यात लिहिलेल्या लागतात. माझं पहिलं प्रमाणपत्र दोन ओळींचं होतं म्हणून परत आलं आणि तोवर आमचे प्राचार्य निवृत्त झाले होते.

जवळ ठेवायची कागदपत्रं:

- पदव्युत्तर गुणपत्रिका (५५ टक्के, आरक्षित प्रवर्गांना नियमाप्रमाणं सवलत), जातीचा दाखला असल्यास त्याची वैधता
- पेटचा किंवा नेटचा निकाल
- वरच्या तिन्ही गोष्टी असलेलं नाहरकत प्रमाणपत्र
- गाइडच्या मान्यतेचं पत्र आणि त्यांच्याकडं जागा शिल्लक असल्याचा दाखला
- सिनॉप्सिसच्या प्रती, प्रत्येक दुरुस्तीची तारीख घालून
- कोर्सवर्कचं प्रमाणपत्र
- दर सत्राचा प्रगती अहवाल, सह्यांसकट, त्याच दिवशी स्कॅन करून

शेवटची ओळ परत वाचा. चार वर्षांनी जुन्या सह्या गोळा करणं म्हणजे दुसरी पीएचडी.

३. वाचन कुठून सुरू करायचं

या क्षेत्रातलं मुख्य जर्नल एमआयएस क्वार्टर्ली, मिनेसोटा विद्यापीठाशी जोडलेलं, १९७७ पासूनचं. त्याच्या बरोबरीला इन्फर्मेशन सिस्टिम्स रिसर्च आणि जर्नल ऑफ मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिम्स. असोसिएशन फॉर इन्फर्मेशन सिस्टिम्स या जागतिक संघटनेची उत्तम जर्नलांची यादी पूर्वी आठांची होती, आता अकरांची आहे. वाचनाला ती यादी पुरे. गुगलवर जे आधी दिसेल ते वाचत सुटलात तर सहा महिन्यांनी हातात तिसऱ्या दर्जाचे दोनशे पेपर आणि डोक्यात शून्य अशी गत होते.

चार नावं आधी गाठा.

पहिलं फ्रेड डेव्हिस, १९८९. तंत्रज्ञान-स्वीकाराचं मॉडेल, सगळे ज्याला टॅम म्हणतात. माणूस एखादी प्रणाली वापरेल की नाही हे दोन गोष्टींवर ठरतं: ती उपयोगी वाटते का आणि सोपी वाटते का. दुसरं, २००३ मधलं व्यंकटेश आणि सहकाऱ्यांचं युटॉट. आधीची आठ मॉडेलं एकत्र करून त्यांनी सामाजिक दबाव आणि सोयीसुविधा हे घटकही घेतले. तिसरं डीलोन आणि मॅक्लीन. प्रणाली "यशस्वी" झाली म्हणजे नेमकं काय, याचा आराखडा त्यांनी १९९२ मध्ये दिला आणि २००३ मध्ये दुरुस्त केला. दुरुस्तीत सेवेची गुणवत्ता आली आणि वैयक्तिक व संस्थात्मक परिणामांऐवजी निव्वळ लाभ आला.

चौथं लिन मार्कस, १९८३. माझ्या मते सगळ्यात आधी हे वाचा, पण आपल्याकडं सगळ्यात शेवटी वाचतात. एका मोठ्या कंपनीत मुख्यालयानं नवी वित्तीय प्रणाली बसवली आणि विभागांतले अकाउंटंट तिला विरोध करत राहिले. मार्कसनं विचारलं, का? माणसं हट्टी म्हणून? सॉफ्टवेअर वाईट म्हणून? की या प्रणालीमुळं विभागांची माहिती आता मुख्यालयाला परस्पर दिसू लागली आणि हातातली सत्ता सरकली, म्हणून? तिचं उत्तर तिसऱ्याकडं झुकतं. मी हा पेपर तिसऱ्या वर्षी वाचला आणि लाल वहीच्या कारकुनाचं वाक्य एकदम कानात वाजलं. तोडणीचा क्रम ठरवणं हा गटातल्या माणसाच्या हातातला अधिकार होता. कुणाचा ऊस वाळायला लागलाय, कुणाच्या घरी लग्न आहे, कुणाच्या फडात पाणी साचलंय आणि अर्थातच कुणाचा चुलता संचालक आहे, हे सगळं त्या टिंबांत होतं. यादी आपोआप निघाली की तो अधिकार संपतो. यात सोपं-अवघड याचा संबंधच नव्हता. सॉफ्टवेअर फार सोपं होतं, कारकून ते झोपेतही चालवू शकला असता.

आपल्या मातीतलं उदाहरण हवं असेल तर वारणेचं आहे. १९९८ मध्ये वारणानगर परिसरातल्या, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या सत्तर गावांत संगणक केंद्रं उभारायचा प्रकल्प सुरू झाला, वायर्ड व्हिलेजेस या नावानं. गावोगावी इंटरनेट, शेतीची माहिती, बाजारभाव असा मोठा संकल्प होता. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी जाऊन पाहिलं तर केंद्रांचा वापर मुख्यतः ऊस आणि खतांच्या नोंदींपुरता होत होता. मग त्यांनी काही गावांत संगणकाऐवजी साध्या मोबाइलवर एसएमएसनं तेच काम करून दाखवलं. प्रणाली कशासाठी आणली आणि कशासाठी वापरली गेली यातलं अंतर कसं बघायचं, ते या अभ्यासातून शिकता येतं.

पेपर मिळवायचे कसे? जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजना सुरू आहे. तुमचं विद्यापीठ किंवा सरकारी कॉलेज त्यात असेल तर ग्रंथपालांकडून लॉगिन घ्या. नसेल तर लेखकाला थेट ईमेल करा. दोन ओळींच्या नम्र ईमेलला बऱ्याचदा पीडीएफसकट उत्तर येतं. वाचलेलं सगळं पहिल्या दिवसापासून झोटेरोत (संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ठेवा, ते फुकट आहे. संदर्भसूची हातानं टाइप करणाऱ्यांचे हाल मी पाहिलेत. माझेच होते.

४. मॉडेल शेवटी, पद्धत आधी

इथं सगळ्यात मोठा सापळा आहे: टॅम उचलायचं, त्यात दोन चौकोन वाढवायचे, बाण काढायचे आणि गुगल फॉर्म पाठवायचा. टॅम वाईट नाही. पण जिथं वापर सक्तीचा आहे, साहेबांनी सांगितलं म्हणून सगळे वापरतातच, तिथं "तुम्ही वापराल का?" याला अर्थ उरत नाही.

प्रश्न "किती" आणि "कशामुळं" असा असेल, अनेक ऑफिसं असतील, तर सर्वेक्षण. प्रश्न "कसं" आणि "का" असेल, एक-दोनच ठिकाणी खोल उतरायचं असेल, तर केस स्टडी. केस स्टडीच्या पद्धतीवर लिहिणारे रॉबर्ट यिन आणि आयझेनहार्ट इथं लागतील. क्लाइन आणि मायर्स यांनी १९९९ मध्ये असल्या क्षेत्र-अभ्यासांसाठी सात तत्त्वं दिली आहेत, परीक्षकांपुढं ती ढालीसारखी कामी येतात. आणि तुम्ही स्वतः काही बनवून ते वापरून बघणार असाल, तर हेवनर आणि सहकाऱ्यांचा २००४ चा डिझाइन सायन्सवरचा पेपर. एमसीएवाल्यांनी हा तिसरा रस्ता जरूर बघावा. "हे तर सॉफ्टवेअर प्रोजेक्ट झालं" असं समितीत कुणी म्हटलं की तो पेपर पुढं करा.

मी दोन कारखान्यांत केस स्टडी आणि सहा कारखान्यांत सर्वेक्षण असं मिश्र केलं. एकट्या माणसाला हे जड जातं. परत करायचं झालं तर एकच कारखाना घेईन.

५. परवानगी: आवक क्रमांकाशिवाय काहीही खरं नाही

ओळखीनं गेलात तर आत प्रवेश मिळतो, पण कागद मिळत नाही. दोन्ही हवेत. कार्यकारी संचालकांच्या नावे अर्ज, सोबत गाइडचं पत्र आणि एक पानाचा मराठी सारांश. अर्ज आवक-जावकला द्या आणि तुमच्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक, तारीख घ्या. "ठेवा, साहेब बघतील" यावर परत फिरू नका.

परवानगीच्या पत्रात काय-काय बघायला मिळेल ते स्पष्ट लिहून घ्या: मुलाखती, निरीक्षण, सॉफ्टवेअरमधल्या नोंदी, कागदी रजिस्टरं. कारखान्याचं नाव प्रबंधात येणार नाही हे तुम्हीही लेखी द्या. एका ठिकाणी माझं काम निम्म्यावर असताना संचालक मंडळाची निवडणूक झाली, पॅनेल बदललं, आणि आधीच्या मंडळींच्या तोंडी शब्दाला काडीची किंमत राहिली नाही. दुसऱ्या ठिकाणी शिक्क्याची प्रत होती, तिथं नव्या लोकांनीही बसू दिलं.

वेळही बघा. बॉयलर पेटण्याच्या सुमारास आणि हंगामाच्या पहिल्या पंधरवड्यात जाऊ नका, कुणी ओळखसुद्धा दाखवत नाही. निरीक्षण ऐन हंगामात करा, निवांत मुलाखती हंगाम संपल्यावर. बँकेत हाच नियम मार्चअखेरीला लागू. मुलाखतीआधी संमतीपत्र मराठीत वाचून दाखवा, आणि "साहेबांना सांगणार नाही ना?" या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवा. तो प्रश्न येतोच.

६. प्रश्नावली मराठीत आणताना

डेव्हिसच्या मूळ प्रश्नांचं मी पहिलं भाषांतर केलं होतं: "सदर प्रणालीच्या वापरामुळे माझ्या कार्यनिष्पादनात वृद्धी होते." एका स्लिपबॉयनं ते वाचून गंभीरपणे विचारलं, "हे पोलिसांकडचं आहे का?" चूक त्या "सदर"ची.

शेवटी ते असं झालं: "हे सॉफ्टवेअर वापरलं की माझं काम लवकर उरकतं." आमच्या कॉलेजातल्या इंग्रजीच्या एका सरांना, ज्यांनी मूळ प्रश्न पाहिले नव्हते, ते परत इंग्रजीत करायला दिलं आणि मुळाशी ताडून पाहिलं. उलट-भाषांतराची ही पद्धत ब्रिसलिन यांनी १९७० मध्ये मांडली. प्रबंधात नावानिशी लिहा, परीक्षक खूश होतात. मग दहा-बारा जणांसमोर बसून, प्रत्येक प्रश्न त्यांना काय वाटला हे त्यांच्याच तोंडून ऐका. "प्रणाली" म्हणजे काही जणांना वजनकाटा वाटला होता.

पाच पर्यायांचा तक्ता ठेवलात की आपल्याकडं "सहमत"चा पाऊस पडतो. म्हणून दोन-तीन प्रश्न उलटे घाला: "सॉफ्टवेअर आल्यापासून एकच काम दोनदा करावं लागतं." जो यालाही आणि आधीच्यालाही "पूर्ण सहमत" म्हणेल, त्यानं प्रश्न वाचलेले नाहीत.

७. फॉर्म स्वतः भरून घ्या

आता वाया गेलेल्या दीड वर्षातला मोठा तुकडा.

एका कारखान्यात अधिकारी फार प्रेमळ निघाले. "मॅडम, तुम्ही कशाला उन्हातान्हात गटागटांत फिरता? फॉर्म ठेवून जा, आठ दिवसांत भरून देतो." मी दीडशे फॉर्म ठेवले. आठव्या दिवशी दीडशेच्या दीडशे परत. एकही जागा रिकामी नाही. मी पेढे नेले होते.

एक्सेलमध्ये सगळं चढवलं, क्रोनबाखचा अल्फा (प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) काढला. ०.७० च्या वर आला की चालतं असं आपण शिकतो, माझा ०.९७ आला. मी नाचत गाइडकडं गेले. सरांनी आकडा बघितला, चष्मा काढला आणि म्हणाले, "फॉर्म आणलेत? खिडकीपाशी घेऊन या."

निळ्या जेल पेनानं केलेल्या बरोबरच्या खुणा. प्रत्येक खुणेचं शेपूट उजवीकडं किंचित वळलेलं. तीस-पस्तीस फॉर्मांनंतर पेन बदललेलं, शेपूट तेच. शिक्षण आणि वय यांच्या रकान्यांत एकच दहा-बारा जोड्या फिरून फिरून आलेल्या. दोन-तीन माणसांनी एका दुपारी बसून सगळा गठ्ठा उरकला होता. फसवायचा हेतू नव्हता, पाहुणीला मदतच केली होती त्यांनी. ०.९५ च्या पुढचा अल्फा बऱ्याचदा चांगली बातमी नसते. एक तर प्रश्न एकमेकांच्या नकला असतात, नाहीतर उत्तरं.

सगळे फॉर्म बाद केले. पुन्हा गटागटांत गेले, दिवसाला सात-आठच झाले, आणि त्यातही निम्मा वेळ चहात. पण त्या चहातच मला पेन्सिलीच्या टिंबांचे अर्थ कळले.

मोबाइलवर घ्यायचं असेल तर कोबोटूलबॉक्स बघा. नेटवर्क नसलं तरी फॉर्म भरता येतो, रेंज आली की वर चढतो, आणि फॉर्म कधी सुरू झाला, कधी संपला याची वेळ राहते. चाळीस प्रश्न दोन मिनिटांत उरकलेला फॉर्म तिथंच उघडा पडतो.

८. सॉफ्टवेअरच्या पोटातली तारीख मागा

हे फार कमी जण करतात. प्रत्येक नोंदीला दोन तारखा असतात: घटना घडली ती, आणि नोंद संगणकात चढली ती. दोन्हींमधलं अंतर काढा. ईडीपीनं मला नावं-गट क्रमांक काढून फक्त तारखांची फाइल दिली. कागदावर वर्षभर पसरलेल्या लागणीच्या नोंदी प्रत्यक्षात महिन्यातल्या दोन-तीन दिवसांत ढिगानं चढलेल्या होत्या. सर्वेक्षणात मात्र "मी नोंद त्याच दिवशी करतो" याला बहुतेकांनी "सहमत" म्हटलं होतं.

एक खोच आहे. काही सॉफ्टवेअरमध्ये नोंद दुरुस्त केली की जुनी वेळ पुसून नवी बसते. तुमच्याकडच्यात तसं होतं का, हे फाइल घेण्याआधी सॉफ्टवेअर बनवणाऱ्याला विचारा. मी नंतर विचारलं आणि एक प्रकरण पुन्हा लिहिलं.

माणूस काय सांगतो ते एका ठिकाणाहून, काय करतो ते दुसऱ्या ठिकाणाहून घेतलं की आणखी एक फायदा होतो. सगळी माहिती एकाच माणसाकडून, एकाच फॉर्मवर घेतली की संबंध खोटे फुगतात. पॉडसाकॉफ आणि सहकाऱ्यांचा २००३ चा पेपर यावरच आहे, आणि परीक्षक हमखास विचारतात. हारमनची चाचणी (हा फुगवटा तपासायची साधी चाचणी) लावली एवढं उत्तर आता पुरत नाही.

९. विश्लेषण

यावर यूट्यूबवर ढिगानं आहे, थोडक्यात उरकते. जमोवी आणि आर ही आकडेमोडीची सॉफ्टवेअरं फुकट आहेत आणि पुरतात. स्मार्टपीएलएस हवंच असेल तर विद्यार्थी आवृत्तीच्या मर्यादा आधी बघा. अल्फाबरोबर एव्हीई (प्रश्न आपली संकल्पना किती पकडतात, त्याचा आकडा) ०.५० च्या वर हवा. फॉर्नेल-लार्करबरोबर एचटीएमटीही द्या (दोन संकल्पना खरंच वेगळ्या मोजल्या गेल्यात का, ते बघणाऱ्या या चाचण्या). मुलाखती मराठीत उतरवा, संकेतही (मुद्द्यांना द्यायची छोटी नावं) मराठीवरच लावा, आणि प्रबंधात घ्यायची तेवढीच वाक्यं इंग्रजीत करा. मी सगळं आधी इंग्रजीत केलं होतं. "वही आपली"चं "द रजिस्टर इज अवर्स" झालं आणि त्यातला जीव गेला.

१०. पेपर, साम्य तपासणी, सादरीकरण

२०२२ च्या नियमांत पीएचडीसाठी पेपर छापण्याची अट नाही, पण तुमच्या विद्यापीठानं ठेवली असेल तर ती पाळावी लागेल. यूजीसीची केअर यादी (मान्य जर्नलांची यादी) फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, तेव्हा "केअर लिस्टेड जर्नल, सात दिवसांत पेपर, फक्त अमुक रुपये" असे व्हॉट्सअॅप मेसेज आले की सरळ डिलीट करा. सात दिवसांत कुणीही काहीही तपासत नाही.

साम्य तपासणीत (मजकूर दुसरीकडून उचललाय का, ते बघताना) यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणं १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. संदर्भसूची आणि अवतरणांत नीट दिलेला मजकूर मोजणीतून वगळतात. नाव बदलून, शब्द फिरवून १० च्या खाली आणून देणारे लोक विद्यापीठाच्या बाहेरच बसलेले असतात. त्यांच्याकडं जाऊ नका. पद्धतीचं प्रकरण स्वतःच्या शब्दांत लिहिलंत, तुम्ही नेमकं कुठं बसलात, कुणाशी बोललात ते सांगितलंत, की साम्य आपोआप उतरतं.

मौखिक परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी मला मॉडेलबद्दल एकच प्रश्न विचारला. बाकी पाऊण तास वहीवर गेला. "ती वही उद्या काढून घेतली तर कारखान्यात काय होईल?" असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, पहिल्या आठवड्यात काही नाही, दुसऱ्यात वाळका ऊस गव्हाणीत येईल, तिसऱ्यात नवी वही. ते हसले आणि पुढचं पान उलटलं.

पदवी मिळाल्यावर प्रबंध शोधगंगेवर जातो, तो चढला की नाही ते स्वतः तपासा. आणि ज्यांनी बसायला खुर्ची दिली त्यांना दोन पानांचा मराठी सारांश द्या. त्यात कुणाचं नाव, गट ओळखू येणार नाही हे दहादा बघा. मी तो घेऊन कारखान्यात गेले तेव्हा आवक-जावकचे काका तेच होते. त्यांनी शिक्का मारला, रजिस्टरमध्ये क्रमांक टाकला, माझी सही घेतली. मग संगणकाकडं बघून म्हणाले, "यात संध्याकाळी चढवतो."